जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांतील गिअरबॉक्सचे दोषसंकेत

दोषसंकेत, गॅरेजच्या भाषेत ‘कोड’ किंवा ‘एरर’, म्हणजे गाडीतील संगणकाला एखाद्या सेन्सरच्या जोडणीत किंवा कामात विसंगती आढळली की त्याने स्मृतीत टिपून ठेवलेली खूण. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सांभाळणाऱ्या संगणकाला ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, थोडक्यात टीसीएम म्हणतात. काही गाड्यांत तो वेगळा असतो, काहींत इंजिनाच्या संगणकातच सामावलेला असतो. पुण्यातल्या गॅरेजांत ज्याला ‘स्कॅनर लावणे’ म्हणतात, ती निदानाची पहिली पायरी आहे. बरेच जण तीच शेवटची समजतात आणि गिअरबॉक्स उतरवायला निघतात.

प्रमाणित कोडमध्ये एक अक्षर आणि चार आकडे असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, ‘यू’ म्हणजे संगणकांचा आपसातला संवाद. अक्षरानंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड, आणि त्यासाठी तिचेच मॅन्युअल पाहावे लागते. त्यापुढचा आकडा सात, आठ किंवा नऊ असल्यास तक्रार गिअरबॉक्सची. पी०७०५ गिअर लिव्हरची स्थिती सांगणाऱ्या स्विचचा, पी०७१५ इनपुट वेगाच्या सेन्सरचा, पी०७२० आउटपुट वेगाच्या सेन्सरचा, पी०७३० गिअरचे प्रमाण (इनपुट आणि आउटपुट फेऱ्यांचे गुणोत्तर) चुकल्याचा, पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन व गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप, म्हणजे दोन्हींना थेट जखडणारी पकड, न लागल्याचा आणि पी०७५० पहिल्या शिफ्ट सॉलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेचा.

सर्वांत जास्त गैरसमज पी०७०० या कोडबद्दल आहे. तो स्वतः बिघाड सांगत नाही. टीसीएमकडे तक्रार नोंदली आहे, तिकडे जाऊन विचारा, एवढाच तो निरोप असतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त यंत्र अनेकदा इंजिनाच्या संगणकापाशीच थांबते आणि फक्त हा निरोप वाचून दाखवते. मूळ कोडसाठी टीसीएमपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो.

भारतात चारचाकींसाठी ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष टिपण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. अमेरिकेत दुसरा टप्पा १९९६ पासूनच सक्तीचा होता. त्यामुळे २०१० पूर्वीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट दिसले तरी साधा स्कॅनर तिच्याशी बोलेलच असे नाही. स्कॅनरचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. सॉकेटच्या १६व्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा आणि ४ व ५ वर अर्थिंग असते, आणि कित्येक गाड्यांत हा पुरवठा सिगारेट लायटरच्याच फ्यूजवरून येतो. मोबाइलच्या चार्जरने तो उडवलेला असतो.

त्याहून जुन्या गाड्या दिव्याने बोलतात. टोयोटाच्या अनेक जुन्या मॉडेलांत निदानाच्या सॉकेटमधली टीई१ आणि ई१ ही दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडली की ‘ओ/डी ऑफ’ (ओव्हरड्राइव्ह बंद) दिवा लुकलुकतो. सहा वेळा, थोडा विराम, मग दोन वेळा, म्हणजे ६२ : पहिला सॉलेनॉइड. होंडाच्या जुन्या गाड्यांत ‘डी४’ दिवा हेच काम करतो. हातात वही घेऊन दोन-तीन फेऱ्या मोजाव्यात, कारण एक लुकलुक हुकली की निदान भलत्याच भागावर जाते.

तरीही सुरुवात स्कॅनरऐवजी ऑइलच्या पट्टीने करावी हे जुन्या कारागिरांचे म्हणणे खरे आहे. गिअरबॉक्सचे तेल (एटीएफ) कमी झाले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, आत क्लच घसरतात. संगणकाला यातले तेल दिसत नाही, त्याला गिअरचे प्रमाण चुकलेले दिसते. बहुतेक गाड्यांत पातळी गाडी सपाटीवर, तेल गरम आणि इंजिन चालू असताना पाहतात. होंडात मात्र इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत. तेल काळपट आणि जळका वास येणारे असेल तर आतले क्लच झिजले आहेत. दुधाळ गुलाबी असेल तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळले आहे. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातलेल्या गाडीत ही शक्यता आधी धरावी.

दुसरी तपासणी बॅटरीची. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. बॅटरी ढिली किंवा अर्थिंगची पट्टी गंजलेली असली की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम उमटतात. अशा वेळी चार-पाच भाग बदलण्यापेक्षा एक पाना जास्त उपयोगी.

मग कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग. पी०७०५ किंवा सॉलेनॉइडचा कोड पुण्यात पावसाळ्यानंतर आला तर गिअरबॉक्सवरचे कपलर उघडून पाहावेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून धुऊन सुकवली, तरी पिनांवर हिरवा गंज नंतर सावकाश चढत राहतो. सोसायटीत महिनोन्‌महिने उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात, तेही याच यादीत. वायर ठीक असेल तर सॉलेनॉइडचा रोध मल्टिमीटरने मोजावा. साध्या चालू-बंद सॉलेनॉइडचा बहुधा दहा ते तीस ओहमांच्या आसपास असतो, दाब नियंत्रित करणाऱ्याचा जेमतेम काही ओहम. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरायचा. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर तुटणारे वेटोळेही असते, म्हणून मोजणी दोनदा करतात.

रोध बरोबर आला तर प्रश्न यांत्रिक बाजूकडे सरकतो आणि तिथे स्कॅनरवरचे चालू आकडे कामाला येतात. समजा तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.५ आहे आणि आउटपुट शाफ्ट मिनिटाला २,००० फेरे फिरतो आहे. इनपुट ३,००० दिसायला हवा. तो ३,४०० दिसतो तर ४०० फेरे क्लचमध्येच घसरून जात आहेत. हाच पी०७३३, तिसऱ्या गिअरचे प्रमाण चुकल्याचा कोड. हेच आकडे तिसऱ्यातच बिघडतात की सगळ्या गिअरांत, यावर पुढचे अवलंबून असते : एकाच गिअरमध्ये असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सॉलेनॉइड, सर्वत्र असेल तर तेल, पंप किंवा फिल्टर. आकडे अधूनमधून शून्यावर उडी मारत असतील तर घसरण नाही, सेन्सर किंवा त्याची वायर आहे. गाडी धावत असताना शाफ्ट क्षणात थांबत नसतो.

लॉक-अपची परीक्षा रस्त्यावर होते. सोलापूर रस्त्याला लोणी ओलांडल्यावर मोकळ्या पट्ट्यात गाडी गरम झाल्यावर ताशी ७०-८० च्या स्थिर वेगात ठेवावी आणि ॲक्सिलरेटर न हलवता ब्रेकचे पेडल अगदी हलके, दिवा लागण्यापुरते दाबावे. लॉक-अप सुटला की इंजिनाचे फेरे किंचित वाढतात. काहीच बदल नसेल तर तो लागलेलाच नव्हता. दिवे घाट किंवा कात्रज चढताना झटके येतात आणि गावात गाडी गुणी असते, ही तक्रार बहुतेक वेळा तापलेल्या तेलाची असते. अशा वेळी कोडसोबत साठलेली ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे त्या क्षणाचा वेग, फेरे आणि इंजिनाचे तापमान, वाचल्याशिवाय कोड पुसू नये.

गंभीर दोष दिसला की टीसीएम गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो : सॉलेनॉइडांचा पुरवठा बंद होतो आणि गाडी एकाच गिअरवर, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, अडकते. हे गिअरबॉक्स वाचवण्यासाठी असते. चावी बंद-चालू करून पुन्हा पुन्हा पळवणे महाग पडते.

कोड पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर कित्येक गाड्यांत टीसीएमने शिकून ठेवलेल्या जुळवण्याही जातात आणि काही दिवस गिअर खडबडीत पडतात. त्याला नवा बिघाड समजू नये. सुटे भाग नाना पेठेत मिळतात, उतरवलेले भाग जुन्या बाजारात. टीसीएम जुना घेताना वरचा पार्ट नंबर अक्षरन्‌अक्षर जुळवावा. सेकंडहँड ऑटोमॅटिक पाहताना कोड एकही नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. अनेक गाड्यांत स्कॅनर ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ दाखवतो. ते १२ किलोमीटर निघाले, तर गाडी दाखवायला आणण्याआधी कोणीतरी स्कॅनर लावून गेलेले असते.