सीडी नीट उतरली, हे कशावरून?

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या साठ-सत्तर सीडी मी संगणकावर उतरवून दिल्या. हाताशी होता तो सगळ्यांत सोपा प्रोग्राम वापरला. पाच-सहा मिनिटांत एक सीडी व्हायची आणि पडद्यावर ‘पूर्ण’ असं उमटायचं. महिन्याभरानं काकांचा फोन आला. मारव्याच्या द्रुत बंदिशीत, तान समेवर येते नेमकी तिथंच, ‘खट्’ असा आवाज येतोय. तीच सीडी त्यांच्या जुन्या प्लेअरवर लावली तर मात्र येत नाही. मी जाऊन ऐकलं. काकांचं म्हणणं खरं होतं. प्रोग्रामला मात्र काही बिघडल्याचा पत्ताच नव्हता.

पेन ड्राइव्हवरून फोटो घेताना असं होत नाही. फाइल एकतर जशीच्या तशी येते, नाहीतर संगणक तक्रार करतो. गाण्याच्या सीडीचं तसं का नाही, ते समजलं की कुठला प्रोग्राम घ्यावा हा प्रश्न बराच सोपा होतो.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी 1980 साली ऑडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं तेव्हा ही तबकडी फक्त वाजवली जाणार, हेच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक नमुना म्हणजे 16 बिटांचा एक आकडा, डाव्या-उजव्या कानासाठी वेगळा. एका सेकंदाचे 75 भाग पाडलेले, त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये 2352 बाइट, आणि ते सगळेच्या सगळे संगीताचे. पुढे संगणकासाठी सीडी-रॉम आली, तेव्हा तेवढ्याच सेक्टरमध्ये साधारणपणे 2048 बाइटच माहितीला दिले आणि उरलेल्या जागेत पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याची जादा सोय बसवली. ऑडिओ सीडीला ही जादा सोय नाही.

म्हणजे तिला काहीच संरक्षण नाही असं नव्हे. तिथं जे आहे ते फार सुंदर आहे. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 साली मांडलेली सांकेतिक पद्धत सीडीत वापरली आहे, आणि तिच्या जोडीला माहितीची मुद्दाम केलेली विखुरणी. समजा, पोथीचं एक पान फाटलं. त्या पानावरच्या सगळ्या ओव्या गेल्या. पण प्रत्येक ओवीची अक्षरं आधीच शंभर पानांवर विखरून लिहिली असती, तर पान फाटल्यावर प्रत्येक ओवीतलं एखादंच अक्षर गेलं असतं आणि ओवी पाठ असलेल्या माणसानं ते सहज भरलं असतं. सीडीत नेमकं हेच होतं. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा, म्हणजे जवळपास 4000 बिटांचा सलग तुकडा वाचता आला नाही तरी मूळ आकडे पूर्णपणे परत मिळतात. कोऱ्या करकरीत सीडीतही वाचनाच्या चुका असतातच. दर सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या माहितीच्या 7350 छोट्या चौकटींपैकी सरासरी 220 चौकटींत चूक निघाली तरी प्रमाणाच्या दृष्टीनं ती सीडी चांगलीच असते.

सीडी पुसताना गोल गोल न पुसता मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, तेही याचसाठी. पुसताना आडवा चरा पडलाच तर तो माहितीच्या वाटेला क्षणभर छेदून जातो. गोलाकार चरा मात्र त्या वाटेवरूनच चालत राहतो आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडतो.

खरी मेख आहे ती मर्यादा ओलांडल्यानंतर. प्लेअर थांबत नाही. हरवलेल्या नमुन्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा घेऊन मधला अंदाजानं भरतो. ऐकणाऱ्यासाठी हे योग्यच आहे, कारण गाणं तुटत नाही. पण ड्राइव्हनं हाच अंदाज संगणकाकडे पाठवला, तर साधा प्रोग्राम तो खरा समजून फाइलमध्ये लिहून टाकतो. काकांच्या सीडीवर तर अंदाजही चुकला होता. वेगानं फिरणाऱ्या ड्राइव्हला जे वाचता आलं नाही, ते सावकाश फिरणाऱ्या प्लेअरनं वाचलं होतं.

म्हणून रिपिंगच्या, म्हणजे सीडी संगणकावर उतरवण्याच्या, प्रोग्रामला विचारायचा प्रश्न एकच: बरोबर वाचलं हे तू कशावरून म्हणतोस? आवाज कुठल्या प्रोग्रामचा ‘गोड’ येतो, या चर्चेत मला काही अर्थ दिसत नाही. आकडे तेच असतील तर आवाजही तोच.

आंद्रे विएथॉफ यांचा ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा विंडोजवरचा जुना प्रोग्राम या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचून देतो. त्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तो 16 वेळा वाचतो आणि त्यांतली 8 वाचनं जुळली तरच पुढे जातो. नाहीच जमलं तर अहवालात ती जागा संशयास्पद म्हणून वेळेसकट नोंदवतो. मला त्याची ही कबुली सगळ्यांत मोलाची वाटते. एक खाचखळगा मात्र आहे. बरेच ड्राइव्ह वाचलेलं स्वतःच्या तात्पुरत्या कॅश मेमरीत ठेवतात आणि दुसऱ्यांदा मागितलं की तबकडीकडे न बघता तेच पुढे करतात. मग दुसरं वाचन म्हणजे पहिल्याचीच नक्कल. म्हणून सुरुवातीला ड्राइव्हची तपासणी करून सेटिंग नीट लावायला हवं. अर्धा तास जातो, पण तो टाळू नये.

दुसरं उत्तर ‘ॲक्युरेटरिप’ या इंटरनेटवरच्या डेटाबेसचं. जगभरच्या लोकांनी तीच सीडी आपापल्या ड्राइव्हवर उतरवली की प्रत्येक ट्रॅकच्या आकड्यांवरून काढलेली एक खूण तिथं जमा होते. तुमची खूण अनोळखी माणसाच्या खुणेशी जुळली, तर दोन वेगळ्या प्रतींवर, दोन वेगळ्या ड्राइव्हनी तीच चूक केली असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. 32 बिटांची खूण निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक. जुळवणीआधी ऑफसेट मात्र दुरुस्त करावा लागतो. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक नमुने आधी किंवा नंतर वाचायला लागतो. कुणी 6, कुणी 667. 667 नमुने म्हणजे सेकंदाचा साधारण सहासष्टावा भाग. कानाला कळत नाही, खुणेला कळतं.

मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर आणि पैसे देऊन मिळणारा डीबीपॉवरॲम्प हेही ॲक्युरेटरिपशी ताडून पाहतात. विंडोजवर सेटिंगची धास्ती वाटत असेल तर क्यूरिपर घ्या. त्याच्या डेटाबेसमध्ये तुमची सीडी असेल, तर थोडं खराब झालेलं वाचन तिथल्या जादा माहितीवरून दुरुस्तही करता येतं. फाइल फ्लॅक या स्वरूपातच ठेवा. साधारण निम्म्या जागेत मूळ आकडे पूर्ण राहतात. एमपी3 हवी तेव्हा त्यातून काढता येते, उलटं करता येत नाही.

आणि डेटाबेसमध्ये सीडीच नसेल तर? एखाद्या छोट्या संस्थेनं काढलेलं नाट्यसंगीत, घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण, अशा सीडींच्या बाबतीत हे होतंच. तिथं ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरायचं: ट्रॅक एकदा नुसता वाचायचा, दुसऱ्यांदा वाचून लिहायचा आणि दोन्ही खुणा ताडायच्या. पण एकच ड्राइव्ह त्याच जागी दोन्ही वेळा तीच चूक करू शकतो. त्यामुळे दुर्मीळ सीडी असेल तर मी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवरही ती उतरवतो.

काकांची मारव्याची सीडीही कुठल्याच डेटाबेसमध्ये नव्हती. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसली आणि वेग कमी करून लावली. आधीच्या वेळी मिनिटभरात झालेल्या त्या ट्रॅकला पाऊण तास लागला. अहवालात 3 मिनिटं 12 सेकंदांपाशी संशयाची नोंद आली. मग शेजाऱ्यांचा जुना डेस्कटॉप मागून आणला. त्याच्या ड्राइव्हनं टेस्ट आणि कॉपी दोन्ही वेळा एकच खूण दिली. त्यानंतर माझ्या ड्राइव्हवर तो ट्रॅक आणखी तीनदा वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदा तीच आठ अक्षरी खूण पडद्यावर आली. फाइल काकांना नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटून ती तान दोनदा ऐकली.