डबल नॅट की सीजीनॅट? पोर्ट फॉरवर्ड नेमकं अडून कुठे राहिलं ते आधी बघा

पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं कनेक्शन राउटरने घरातल्या ठराविक मशीनकडे पाठवायचा नियम) चालत नाही म्हटलं की सगळे पहिले राउटरच्या त्याच पेजवर जातात, तोच नियम पुन्हा टाकतात, पोर्ट नंबर बदलतात, राउटर बंद-चालू करतात आणि त्यातच दोन-तीन संध्याकाळी जातात. भाऊ, नियम बहुतेक वेळा बरोबरच असतो, बाहेरून येणारं कनेक्शन तुमच्या राउटरपर्यंत पोहोचूनच नाही राहिलं. ते अडतं एक तर घरातल्याच दुसऱ्या डब्यात, नाही तर नेटवाल्या कंपनीच्या मशीनमध्ये. नॅट म्हणजे अनेक मशीन एकाच बाहेरच्या आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) ठेवायची सोय. घरातल्या दोन डब्यांत ती दोनदा झाली तर डबल नॅट, कंपनीच्या मशीनमध्ये झाली तर सीजीनॅट, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात: यूट्यूब मस्त चालू, पण मोबाईल डेटावरून नागपुरात इतवारीच्या दुकानातला कॅमेरा काही उघडत नाही. (तपासायचं असेल तर मोबाईल डेटावरूनच तपासा, घरच्याच वायफायवरून स्वतःचा बाहेरचा आयपी टाकून बघाल तर बरेच राउटर ते कनेक्शन परत आत घेतच नाहीत आणि सगळं बरोबर असूनही बंद दिसतं.)

आता डबल नॅट कसं होतं बघा. मनीषनगर घ्या, बेसा घ्या, फायबर घेतलं की केबलवाला एक डबा लावून जातो, सगळे त्याला मोडेम म्हणतात, खरं तर तो ओएनटी (फायबरची लाइन जिथे येऊन संपते तो डबा), आणि बहुतेक वेळा त्याच्यातच राउटर आणि वायफायही असतं. मग मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण बर्डीवरून चांगला राउटर आणतो, ओएनटीच्या लॅनमधून (घरातल्या बाजूच्या पोर्टातून) वायर काढतो आणि नव्या राउटरच्या वॅनमध्ये (बाहेरून नेट येतं त्या पोर्टात) खोचतो. झाले दोन राउटर एकामागे एक. तुम्ही नियम टाकला नव्या राउटरमध्ये, पण बाहेरून आलेलं कनेक्शन आधी ओएनटीला भेटतं आणि त्याला काहीच सांगितलेलं नाही, तो ते तिथेच टाकून देतो. यूपीएनपी (प्रोग्रॅम स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडतो ती सोय) चालू असलं तरी तेच, ते फक्त जवळच्या राउटरमध्ये पोर्ट उघडतं आणि गेम किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) खुशाल सांगतो की झालं म्हणून.

सीजीनॅटमध्ये तुमच्या घरात काहीच चुकलेलं नसतं. आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीच्या आयपीचे) एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास, त्यातला मोकळा साठा जागतिक पातळीवर २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून संपला, म्हणून कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतात आणि ती वाटणी त्यांच्या मशीनवर होते. यासाठी २०१२ मध्ये वेगळी रेंजच राखून ठेवली, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. त्या मशीनमध्ये तुम्हाला लॉगिन नाही, त्यामुळे घरातल्या राउटरमध्ये कितीही नियम टाका, फरक पडणार नाही. डीडीएनएसनेही (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणाऱ्या सेवेनेही) नाही पडणार, कारण ते नाव जाऊन चिकटतं त्या सामायिक आयपीला, आणि स्क्रीनवर मात्र हिरवं 'सक्सेस' दिसतं, तिथेच लोक फसतात.

ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पेजवर 'वॅन आयपी' लिहिलेला असतो तो बघा, आणि गूगलवर 'माय आयपी' शोधून जो येतो त्याच्याशी जुळवा. दोन्ही सारखे असतील तर ना डबल नॅट ना सीजीनॅट, मग विंडोज फायरवॉल बघा, कॉम्प्युटरचा आतला आयपी बदलला का ते बघा, आणि ज्याच्यासाठी पोर्ट उघडला तो प्रोग्रॅम चालू तरी आहे का. वॅन आयपी १९२.१६८ वाला असेल तर वर अजून एक राउटर बसलाय, बहुतेक तुमचाच ओएनटी. १०० ने सुरू होत असेल तर दुसरा आकडा बघा, ६४ ते १२७ मध्ये असेल तर सीजीनॅट. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे आयपीही वापरतात. आणि टेलस्केलसुद्धा (आपली मशीन खाजगी नेटवर्कने एकमेकांना जोडणारं ॲप) याच १०० वाल्या रेंजमधले पत्ते देतं, म्हणून कॉम्प्युटरवरचा आयपी बघून घाबरू नका, राउटरचाच वॅन बघा.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे दोन्ही एकत्र असणं. राउटरचा वॅन दाखवतो १९२.१६८.१.३, तुम्ही म्हणता डबल नॅट सापडलं, ओएनटी ब्रिज मोडवर टाकता (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद, तो नुसती लाइन पुढे देतो), आणि तरीही पोर्ट बंदच. म्हणून ब्रिज करायच्या आधी ओएनटीत लॉगिन करा आणि त्याचा स्वतःचा वॅन आयपी बघा. तिथे १००.७२ सारखं काही दिसलं तर घरातली सगळी मेहनत वाया जाणार आहे, पहिले कस्टमर केअरला फोन लावा.

नुसतं डबल नॅट असेल तर घरबसल्या होतं. ब्रिज मोड सगळ्यात स्वच्छ, फक्त पीपीपीओईचं (नेट जोडायच्या लॉगिनचं) यूजरनेम-पासवर्ड आणि असेल तर व्हीलॅन आयडी (कंपनीने लाइनला दिलेला नंबर) केबलवाल्याकडून आधीच लिहून घ्या, नाही तर रात्री नेट बंद आणि तो फोन उचलून नाही राहिला अशी पाळी येते. नाही तर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवेल) टाका आणि नियम ओएनटीत लिहा. तेही नको असेल तर ओएनटीच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे पाठवायची सेटिंग) नव्या राउटरचा आयपी टाका, चालतं.

सीजीनॅट असेल तर कस्टमर केअरला 'पोर्ट उघडून द्या' असं म्हणू नका, सरळ विचारा की पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मिळेल का आणि महिन्याचे किती. नाहीच मिळाला तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी) बघा, त्याला नॅट लागतच नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते, पण ज्या नेटवरून तुम्ही बघणार तिथेही आयपीव्ही६ पाहिजे. आणि फक्त स्वतःला किंवा घरच्यांनाच कॅमेरा बघायचा असेल तर पोर्ट उघडूच नका, टेलस्केल किंवा वायरगार्ड (तसंच खाजगी नेटवर्क, पण स्वतः बसवायचं) लावा. टेलस्केल तर सीजीनॅटमधूनही चालतं, वायरगार्डला मात्र एका टोकाला तरी पब्लिक आयपी लागतो, मग तो भाड्याच्या सर्व्हरचा का असेना. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या, त्यामुळे डीव्हीआरचा पोर्ट उघडायचाच असेल तर पासवर्ड आधी बदला, पोर्ट मग उघडा.