खाणीतील टाकाऊ खडकाचा रस्तेबांधणीत पुनर्वापर (बेळगाव सीमाभाग)

खनिज काढताना बाजूला सारलेला वरचा थर, हलक्या प्रतीचा खडक, चिरे कापताना पडलेले तुकडे आणि क्रशरपाशी साचलेली कच हा माल रस्त्याचा भराव, मुरमाचा थर किंवा सोलिंग (खाली रचलेल्या मोठ्या दगडांचा थर) यांसाठी वापरण्याची पद्धत. सीमाभागात या मालाचे तीन प्रकार आढळतात : खानापूर-जांबोटीकडील जांभा (तांबडा, सच्छिद्र, लोहयुक्त दगड), निपाणी-चिकोडीकडील काळा दगड (बेसाल्ट) आणि गोकाकच्या बाजूचा कलादगी संघातील (प्राचीन गाळाच्या खडकांच्या समूहातील) वालुकाश्म व क्वार्ट्झाइट (घट्ट झालेला वालुकाश्म).

यांपैकी जांभ्याचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. जांभ्याचे ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील दगडाला दिले. दक्षिण मराठा मुलुखातील जांभ्याची तपशीलवार पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली व ती १८७६ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा कठीण कवचासारखा थर जागच्या जागी बेसाल्ट कुजून तयार झाला, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे लोहयुक्त गाळ प्राचीन दऱ्यांच्या तळाशी साचून घट्ट झाला; पुढे भोवतालचे मऊ उतार झिजून गेले आणि दऱ्यांचे तळच पठारांचे माथे बनले. थराचे वयही निश्चित नाही. ते बहुधा तृतीयक कालखंडाच्या (सुमारे ६.६ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळाच्या) पूर्वार्धात जाते. कवचाखालच्या पांढुरक्या मातीत अनेक ठिकाणी मूळ बेसाल्टची घडण ओळखू येते. हे पाहता निदान बेळगाव-चंदगड पट्ट्यापुरते पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

रस्त्याच्या कामात हा वाद गौण नाही. कुजण्याची क्रिया जागेवरच झाली असेल, तर एकाच खड्ड्यात वर टणक जांभा, मध्ये बॉक्साइट (अॅल्युमिनियमचे खनिज), त्याखाली केओलिनयुक्त (पांढऱ्या मृत्तिकेची) चिकण माती व तळाशी कुजका बेसाल्ट असा क्रम मिळतो. वरचा डबर (ओबडधोबड दगड) भरावाला व खालच्या थराला चालतो. चिकण माती मिसळली की तोच ढीग पावसाळ्यात लोण्यासारखा दबतो. म्हणून टाकाऊ मालाची निवड खड्ड्याच्या तोंडाशी, थर वेगळे ठेवूनच व्हायला हवी. एकदा सगळे एका ढिगात पडले की नंतरची चाळणी फारशी उपयोगी पडत नाही. बोकनूर-नावगे पठारासारख्या बॉक्साइटच्या जागी ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

चाचण्या ठरलेल्या आहेत. आघात चाचणीत सुमारे १४ किग्रॅ. वजनाचा घण ३८० मिमी. उंचीवरून खडीवर १५ वेळा पडतो आणि २.३६ मिमी. चाळणीतून खाली येणारा चुरा मोजला जातो. वेट मिक्स थरासाठी (पाणी घालून आधीच मिसळलेल्या खडीच्या थरासाठी) हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत चालते. लॉस अँजेलिस यंत्रातील (पोलादी गोळ्यांसह खडी फिरवणाऱ्या पिंपातील) झीज ४० टक्क्यांपर्यंत. खालच्या मुरमी थराच्या बारीक भागासाठी द्रवसीमा (माती पातळ होऊ लागते तेव्हाचे पाण्याचे टक्के) २५ व सुघट्यता निर्देशांक (माती मळण्याजोगी राहते तो पाण्याच्या टक्क्यांचा पल्ला) ६ यांच्या आत असावा लागतो. जांभ्याचा माल बहुधा या शेवटच्या अटीत अडकतो. जांभा पाणीही पुष्कळ शोषतो; त्यामुळे कोरड्या नमुन्यावरचा निकाल पुरेसा मानू नये, भिजवलेल्या नमुन्याची चाचणी घ्यावी. गोटीदार, लोहसमृद्ध जांभा मात्र बऱ्यापैकी टिकतो.

बेसाल्टच्या खाणीतला माल एकंदरीत भरवशाचा. तथापि दोन लाव्हाथरांमधील तांबडी माती आणि कुजलेला सच्छिद्र खडक वेगळा काढावा लागतो. त्यातील स्मेक्टाइट या चिकणमातीच्या खनिजामुळे तो पाण्याने फुगतो. निपाणी-चिकोडीकडील काळ्या मातीच्या पट्ट्यात, जिथे जमीन स्वतःच फुगते व भेगाळते, तिथे चांगल्या डबराची किंमत गावकऱ्यांना सांगावी लागत नाही. गोकाककडील क्वार्ट्झाइट अतिशय कठीण असतो, पण सिलिकेमुळे त्यावर डांबर नीट चिकटत नाही. वरच्या थरात वापरताना चुना किंवा चिकटपणा वाढवणारे द्रव्य मिसळतात.

बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यातील तांबडा चिखल हा प्रक्रियेतून निघणारा क्षारीय अवशेष आहे, खडक नव्हे. त्याचा येथे विचार केलेला नाही. जोयडा भागातील मँगनीज खाणींचे जुने ढीग मात्र टाकाऊ खडकाच्या वर्गात येऊ शकतील.

जांभ्याचा समावेश फेब्रुवारी २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने गौण खनिजांत (ज्यांचे नियम राज्य सरकार करते त्या खनिजांत) झाला. बॉक्साइट प्रमुख खनिजच राहिले. परिणामी एकाच खड्ड्यातील दोन थर कायद्याच्या दोन वर्गांत मोडतात आणि जांभ्याला कर्नाटकचे १९९४ चे गौण खनिज नियम लागू होतात.