क्रीडन्स क्लिअरवॉटर: रिव्हायव्हल कोणता, रिव्हिजिटेड कोणता?

जुनं अमेरिकन रॉक शोधताना 'क्रीडन्स क्लिअरवॉटर' या नावापुढे कधी 'रिव्हायव्हल' दिसतं, तर कधी 'रिव्हिजिटेड'. आद्याक्षरं तीच, गाणीही तीच. दोन्हीकडे स्टू कुक बेस वाजवतो आणि डग क्लिफर्ड ड्रम्सवर असतो. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की मूळ बँड मधे काही वर्षं थांबला आणि नावात जरासा बदल करून पुन्हा एकत्र आला. तसं झालेलं नाही. मूळ बँडमधला टॉम फोगर्टी १९७१ मध्ये बाहेर पडला, त्यानंतर मूळ चौघं जाहीर कार्यक्रमात पुन्हा कधीच एकत्र वाजले नाहीत. रिव्हिजिटेड उभा राहिला तो हे एकत्र येणं आता होत नाही, हे कळून चुकल्यावर. दोघांतला फरक नीट समजून घ्यायचा तर आधी चौघांतलं भांडण समजून घ्यावं लागतं, म्हणून मी तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

रिव्हायव्हल म्हणजे जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू आणि डग. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे एल सेरिटो नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत जॉन, स्टू आणि डग बरोबरीचे होते. त्यांनी लहान वयातच 'ब्लू व्हेल्व्हेट्स' नावाने वाजवायला सुरुवात केली. टॉम साडेतीन वर्षांनी मोठा आणि गाणारा. सुरुवातीच्या काळात पुढे उभा राहून गायचा तो टॉम, धाकटे तिघं मागे साथीला. पुढे फॅन्टसी रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला, नाव बदललं, मग १९६८ च्या सुमारास पुन्हा बदलून 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' झालं. तोवर जॉनचा खरखरीत, छातीतून येणारा आवाज हाच बँडचा आवाज ठरला होता आणि टॉम रिदम गिटारवर गेला होता. बँड फुटला त्याची कारणं सांगताना लोक पैशांपासून सुरुवात करतात. मला वाटतं, पहिली ठिणगी इथे आहे. थोरल्याने आपली जागा धाकट्याला दिली, आणि ती दिल्याची नोंद कुणी घेतली नाही.

मग यश आलं, आणि तेही अंगावर धावून आल्यासारखं. १९६९ या एकाच वर्षात त्यांचे तीन अल्बम निघाले. 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग', 'ग्रीन रिव्हर' ही गाणी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. एकूण पाच सिंगल्स दुसऱ्या क्रमांकावर पोचल्या, पहिल्यावर एकही नाही. गाणी जॉन लिहायचा, गायचाही तोच. कुणी कुठे काय वाजवायचं ते तो ठरवायचा, निर्मिती त्याची आणि कंपनीशी बोलणी करायलाही तोच. सराव डगच्या घरामागच्या शेडमध्ये चाले. जॉन रोज हजेरीचा आग्रह धरायचा, म्हणून त्या जागेला कारखाना म्हणू लागले. डगचं टोपणनाव कॉस्मो. त्यावरून १९७० च्या अल्बमला 'कॉस्मोज फॅक्टरी' हे नाव मिळालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते एका कोर्टाच्या प्रकरणात परत येणार आहे.

बाकी तिघांना निर्णयांत वाटा हवा होता, आपलीही गाणी असावीत असं वाटत होतं. जॉनचं म्हणणं, जे चाललंय ते उत्तम चाललंय, त्याला हात लावू नका. १९७१ च्या सुरुवातीला टॉम निघून गेला. उरलेल्या तिघांनी १९७२ मध्ये 'मार्डी ग्रा' काढला. त्यात स्टू आणि डग यांनीही आपापली गाणी लिहिली आणि गायली. ही वाटणी नक्की कुणाच्या हट्टाने झाली यावर आजही दोन कहाण्या आहेत. जॉन म्हणतो, त्यांनी मागणी केली. ते दोघं म्हणतात, जॉनने अडवून धरलं की आपापलं गा, माझा आवाज तुम्हाला मिळणार नाही. समीक्षकांनी अल्बम झोडपला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं.

या गोष्टीत कुणी जॉनला हुकूमशहा ठरवतं, कुणी बाकीच्यांना कृतघ्न. दोन्ही निवाडे मला पटत नाहीत. 'बॉर्न ऑन द बायू' लावून पहा. सुरुवातीला जॉनची थरथरती गिटार एकटी असते. मग ड्रम्स आणि बेस येतात आणि जवळजवळ संपूर्ण गाणं एकाच कॉर्डवर तोलून धरतात. कुठे घाई नाही, हात दाखवण्याचा मोह नाही. डगच्या जागी एखादा चपळ ड्रमर असता तर त्याने दर चार मात्रांनी काहीतरी भरलं असतं आणि गाण्याचा दलदलीतला जडपणा गेला असता. गाणं जॉनचं आहे, यात वाद नाही. पण ते ज्या जमिनीवर उभं आहे ती तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र वाजवून तयार केली होती. बँड कुणाचा या प्रश्नाला म्हणूनच दोन खरी उत्तरं आहेत, आणि पुढची सगळी कोर्टकचेरी त्या दोन उत्तरांची आहे.

आता पैसा. फॅन्टसीचा मालक सॉल झेंट्झ. हाच पुढे चित्रपट निर्माता म्हणून तीन ऑस्करविजेत्या चित्रपटांमागे उभा राहिला. तरुणपणी सही केलेल्या करारामुळे गाण्यांचे हक्क कंपनीकडे होते. त्या करारातून सुटण्यासाठी जॉनने आणखीही हक्क सोडले. शिवाय चौघांची बचत बहामातल्या एका बँकेत गुंतवली गेली होती, तीही बुडाली. जॉन इतका दुखावला की आपलीच जुनी गाणी त्याने मंचावर गायचं बंद केलं. १९८७ मध्ये एका छोट्या क्लबमध्ये बॉब डिलनने त्याला सांगितलं की 'प्राउड मेरी' तू गायली नाहीस तर लोकांना ते गायिका टीना टर्नरचंच गाणं वाटेल. त्याच वर्षी चार जुलैला व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने ती गाणी पुन्हा जाहीरपणे गायली.

मधल्या काळात कंपनीने त्याच्यावर एक चमत्कारिक दावा लावला होता. १९८४-८५ चं त्याचं नवं गाणं 'दि ओल्ड मॅन डाउन द रोड' हे रिव्हायव्हलच्याच 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असा आरोप होता. दोन्ही गाणी जॉनचीच, पण जुन्याचे हक्क कंपनीकडे. म्हणजे स्वतःची चोरी केल्याचा खटला. १९८८ मध्ये तो गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला, गाणी कशी तयार होतात ते वाजवून दाखवलं आणि जिंकला. वकिलांच्या खर्चाचा मुद्दा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये तिथेही निकाल त्याच्या बाजूने लागला.

या सगळ्या वर्षांत जुने सोबती कंपनीच्या बाजूला उभे राहिले, ही जॉनची खरी जखम. त्याने ते वारंवार सांगितलं आहे. टॉम तर झेंट्झला आपला मित्र मानत होता. म्हणून कंपनीवरचा राग बँडवर येऊन पडला.

एवढं होऊनही एकत्र येण्याचे क्षण आले होते. १९८० मध्ये टॉमच्या लग्नात चौघंही वाजले. १९८३ मध्ये शाळेच्या स्नेहमेळाव्यात जॉन, स्टू आणि डग पुन्हा एकत्र होते. तिकीट नाही, कंपनी नाही, करार नाही, तेव्हा त्यांना एकत्र वाजवता येत होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाठीच्या दुखण्यावरच्या उपचारांत दिलेल्या रक्तातून टॉमला एचआयव्हीची लागण झाली आणि सप्टेंबर १९९० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला. भावांमधलं तुटलेपण त्याआधी मिटलं नाही. चौघांचं पुनर्मीलन तिथेच कायमचं हुकलं. पुढे जे जे हुकलं ते तिघांचं.

त्यातलं सर्वांत क्लेशकारक म्हणजे जानेवारी १९९३. लॉस एंजेलिसमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रिव्हायव्हलचा समावेश होत होता. टॉमची पत्नी त्याच्या अस्थींचा कलश घेऊन आली होती. स्टू आणि डग सहकुटुंब हजर होते. जॉनने मात्र त्यांच्यासोबत वाजवायला नकार दिला. रिव्हायव्हलची गाणी त्याने ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसन यांच्यासोबत सादर केली, आणि ज्यांनी ती मुळात वाजवली होती ते दोघं सहकुटुंब उठून निघून गेले. जॉनचा राग मला समजतो. कुणासोबत वाजवायचं हे ठरवायचा त्याला अधिकारही होता. पण त्या रात्रीचा सन्मान एका गायकाचा नव्हता, चौघांचा होता. तीन गाण्यांपुरता तरी तो राग बाजूला ठेवायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं.

दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, स्टू आणि डगने 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड' काढला. खासगी समारंभांत ही गाणी वाजवावीत एवढाच सुरुवातीचा बेत होता. गायला जॉन ट्रिस्टाओ घेतला. पहिलं नाव पुन्हा जॉनच, त्यामुळे गोंधळात आणखी भर. लीड गिटारवर 'द कार्स' या बँडचा इलियट ईस्टन, आणि कीबोर्डसह इतर वाद्यांना स्टीव्ह गनर. रिव्हिजिटेडने स्वतःची नवी गाणी लिहिली नाहीत, तसा दावाही केला नाही. लोकांना ही गाणी समोर ऐकायची आहेत आणि त्यांचा मूळ बेस व ड्रम्स आम्ही देऊ शकतो, इतकाच त्यांचा शब्द होता, आणि तो त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षं पाळला. मूळ बँडच्या आयुष्यापेक्षा हा काळ कितीतरी मोठा आहे.

या नावाविरुद्ध जॉन कोर्टात गेला. कोर्टाच्या तात्पुरत्या मनाईमुळे काही काळ त्यांना नाव बदलावं लागलं. त्यांनी निवडलं 'कॉस्मोज फॅक्टरी', म्हणजे डगच्या शेडचं नाव. अपिलात मनाई उठली आणि रिव्हिजिटेड हे नाव परत मिळालं. टॉमच्या पश्चात बँडच्या निर्णयांतलं त्याच्या वाट्याचं मत त्याच्या पत्नीकडे होतं आणि तिने ते स्टू-डगच्या पारड्यात टाकलं होतं. २००१ मध्ये तडजोड झाली.

म्हणून रिव्हिजिटेडला नकली म्हणणं अन्यायाचं आहे. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारे ट्रिब्यूट बँड असतात, त्यांत मूळ बँडमधलं कुणी नसतं. इथे निम्मा मूळ बँड आहे. पण रिव्हिजिटेडला रिव्हायव्हलचा पुढचा भाग म्हणणंही चूक, कारण लिहिणारा आणि गाणारा माणूस तिथे नाही आणि तो असावा असं त्यालाच वाटत नव्हतं.

कानाने ओळखायचं तर पहिली खूण आवाजाची. जॉन फोगर्टी शब्द चावून, ताणून गातो, आणि ओळीच्या शेवटी त्याचा स्वर किंचित फाटतो. ट्रिस्टाओ दमदार आहे, पण त्याचा स्वर जास्त गोलसर लागतो. दुसरी खूण प्रेक्षकांची. रिव्हिजिटेडचा १९९८ चा 'रिकलेक्शन' हा थेट कार्यक्रमाचा अल्बम आहे, तेव्हा टाळ्या ऐकू आल्या तर नाव तपासा. मात्र केवळ टाळ्यांवर जाऊ नका, कारण रिव्हायव्हलचेही लाइव्ह अल्बम आहेत. त्यांतल्या एकाची तर कंपनीनेच गफलत केली होती. १९८० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम म्हणून जो अल्बम बाजारात आणला, तो प्रत्यक्षात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा निघाला. नंतर त्याचं नाव नुसतं 'द कॉन्सर्ट' केलं. लंडनचा खरा कार्यक्रम अल्बमरूपाने यायला २०२२ उजाडलं.

२०११ मध्ये जॉनने एका मुलाखतीत सांगितलं की जुन्या साथीदारांसोबत वाजवायला आता त्याची ना नाही. स्टूचं उत्तर होतं की त्याचा फोन काही वाजलेला नाही, आणि डग म्हणाला वीस वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण त्या १९९३ च्या रात्रीच्या आसपास. १९९३ मध्ये हे दोघं तयार होते आणि जॉन नव्हता, २०११ मध्ये जॉन दार किलकिलं करत होता आणि हे दोघं नव्हते. त्यानंतर तीन-चार वर्षांतच दोन्ही बाजूंनी एकमेकांवर नव्याने दावे लावले. आता तक्रार उलट दिशेनेही होती. जॉन आपल्या कार्यक्रमांच्या जाहिरातीत रिव्हायव्हलचं नाव वापरतो, असं स्टू आणि डगचं म्हणणं होतं. २०२० च्या सुमारास रिव्हिजिटेड थांबला.

गोंधळ मात्र थांबला नाही, कारण तिसरी गोष्ट आली. २०२३ च्या सुरुवातीला, पन्नासेक वर्षांनी, जॉनने आपल्या गाण्यांच्या हक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. २०२५ मध्ये त्याने रिव्हायव्हलची वीस गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून अल्बम काढला. त्यात त्याची मुलं शेन आणि टायलर वाजवतात, आणि अल्बमच्या नावात रिव्हायव्हलचा उल्लेख आहे. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, ध्वनिमुद्रणाचं वर्ष पहा. १९६८ ते १९७० असेल तर चौघं आहेत. १९७२ चा 'मार्डी ग्रा' असेल तर टॉम नाही. १९९८ चा 'रिकलेक्शन' असेल तर स्टू आणि डग आहेत, फोगर्टी कुणीच नाही. आणि २०२५ चा असेल तर एकटा जॉन आहे, ऐंशीव्या वर्षी गाणारा.