तिरप्या चौकोनांचं छत

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर लोणारच्या दैत्यसूदन देवळाचा व्हिडिओ फिरत आला. मागे बासरी, आणि दावा असा की चुना न वापरता रचलेलं हे छत 'दिव्य ऊर्जेनं' टिकून आहे. ऊर्जा कसली डोंबलाची! छत टिकलंय ते स्वतःच्या वजनानं.

आपल्याकडे काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ हेमाडपंताच्या नावावर खपतं, तेही एका रात्रीत बांधलेलं. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या देवळात शके १०९८ चा, म्हणजे सन ११७६-७७ चा शिलालेख आहे. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, यादवांचा मंत्री झाला तो त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी.

अशा देवळांची मांडणी सरळ असते: गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांना जोडणारी छोटी जागा), सभामंडप एका ओळीत. लोणारला बाहेरची भिंत ताऱ्यासारखी कोनाकोनांत मोडलेली आहे. पण खरी गंमत पाहायची तर अशा देवळाच्या मंडपात उताणं पडून वर बघावं.

दगड खडूसारखा असतो. दाबला तर सोसतो, वाकवला की तुटतो. आडवी शिळा स्वतःच्याच भारानं मधोमध वाकू पाहते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. समजा, चार खांबांमधलं अंतर बारा फूट आहे. त्यावर एकच फूटभर जाड शिळा टाकायची तर बेसाल्टचं वजन घनफुटाला ऐंशी किलोच्या वर, म्हणजे जवळपास बारा टन! ती चढवणार कोण, आणि चढवली तरी टिकेल कशी?

म्हणून कारागीर चारही कोपऱ्यांत त्रिकोणी शिळा ठेवतो. प्रत्येकीच्या दोन कडा खांबांवरच्या आडव्या तुळयांवर टेकलेल्या, तिसरी मोकळी. गुरुत्वमध्य टेकूच्या आतच राहतो, म्हणून शिळा आत कलंडत नाही. मधे उरतो तो तिरपा चौकोन, क्षेत्रफळ बरोबर निम्मं: १४४ चौरस फुटांचे ७२. त्यावर पुन्हा चार त्रिकोण ठेवले की उरले ३६. बाजू बारावरून सहा फुटांवर आली. जाडी तीच ठेवली तर स्वतःच्या वजनामुळे येणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो (भार लांबीबरोबर वाढतो आणि तरफेचा हातही), म्हणून लांबी निम्मी तर ताण चौथाई. आता तीन टनांची शिळा पुरते. तिच्यावर खालून कमळ कोरायचं की झालं. वरचा भार सांधे दाबून धरतो, घर्षण त्यांना सरकू देत नाही. चुन्याला तिथे कामच उरत नाही.

या रचनेला एकच गोष्ट सोसत नाही, पाया हलणं. आणि आपल्याकडे गुप्तधनाच्या नादानं अमावास्येला देवळात खणणारे महाभाग आहेत. खांब बोटभर खचला की तुळईचा टेकू सरकतो, कोपऱ्याची शिळा तिरकी होते, सांध्यावरचा दाब सुटतो. मग त्या फटीत कितीही सिमेंट भरा, तुळई काही जागेवर परत येत नाही.