कोकणात जायचंय? पैसे भरण्याआधी एवढं वाचा
(सोलापूरहून आमच्यासोबत सहलीला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्याकडं चौकशीला येणारे बहुतेक लोक एकच विचारतात, "तीन दिवसांत गणपतीपुळे, मालवण आणि जमलंच तर गोवा, होऊन जाईल ना?" गाडी दामटली तर होईल. पण मग समुद्र खिडकीतूनच बघावा लागतो आणि घरी आल्यावर आठवतात ते घाट, उलट्या आणि ढाब्यावरचं पनीर. सुरुवातीची काही वर्षं आम्हीही अशाच सहली काढल्या. आता काढत नाही. एका सहलीत एकच तालुका, एकाच गावात तीन मुक्काम आणि एका गाडीत चौदा माणसं, असा आमचा हिशोब आहे. तो तसा का, आणि तुम्ही काय पाळायचं, ते खाली लिहिलंय. नंतर "हे आधी सांगितलं नव्हतं" असं म्हणू नका.

पाण्याचं आधी

आपण सोलापूरची माणसं. नळाला पाणी कधी येणार यावर आपल्या घरातलं कपडे धुण्याचं वेळापत्रक ठरतं. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर कोकणात तीन हजारांच्या घरात. त्यामुळं तिकडं गेलं की वाटतं, इथं कसली टंचाई, सोडा शॉवर! घोटाळा इथंच होतो. कोकणचा दगड म्हणजे जांभा, जाळीसारखा सच्छिद्र. जमीन उताराची आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. चार महिने कोसळलेलं पाणी झिरपून, वाहून निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. किनाऱ्यालगत आणखी एक भानगड असते. विहिरीतून गोडं पाणी फार उपसलं की त्याच्या जागी समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, मेच्या सुट्टीत, आपण सगळे तिकडं धडकतो.

तेव्हा मुक्कामाच्या घरी अंघोळ बादलीनं. समुद्रातून आल्यावर अंगावरची वाळू आधी बाहेर, कोरडीच झाडायची. चादर-टॉवेल रोज बदलून मिळणार नाहीत. टॉवेल तर घरूनच आणा. सोलापूरच्या माणसानं दुसऱ्याच्या गावात जाऊन टॉवेल मागावा, हे काही बरं दिसत नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो की आम्ही सगळ्यांना आधी विहिरींपाशी नेतो. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं वाचूनच कळतं की त्या पाण्याचं किती कौतुक होतं. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत हा आहे, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत. किल्ल्यात आजही लोक राहतात. त्यांच्या दारात डोकावून फोटो काढू नका.

कधी जायचं

आमचं उत्तर ठरलेलं आहे: गड्डा उरकला की. संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. हवा बरी असते, विहिरींना पाणी असतं, घरमालकांना बोलायला सवड असते. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात आम्ही किनाऱ्यावर एकही सहल नेत नाही. त्या दिवसांत तारकर्लीच्या रस्त्यावर तास-दोन तास अडकून राहणं म्हणजे सुट्टी नव्हे. पावसाळ्यातही नेत नाही. समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आंब्यासाठी मेमध्येच जायचा हट्ट असेल तर जाऊ, पण गर्दी आणि पाणी या दोन्ही बाबतीत तक्रार चालणार नाही.

गाडी आणि घाट

पाच घरांच्या पाच गाड्या नेण्याऐवजी एकच सतरा सीटची गाडी. डिझेल वाचतं, आणि गावातल्या अरुंद पाणंदीत एक गाडी मावते, पाच मावत नाहीत. सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रस्ता. पुढं रत्नागिरीला जायचं असेल तर आंबा घाट, मालवणला जायचं असेल तर बहुतेक वेळा फोंडा घाट. हा फोंड्याचा रस्ता राधानगरी अभयारण्याच्या अंगानं जातो. संध्याकाळनंतर तिथं गवे रस्त्यावर येतात. आम्ही घाट उजेडातच उतरतो, त्यामुळं निघायची वेळ पहाटेची असते. "रात्री झोपत जाऊ, दिवस वाचेल" ही सूचना दर सहलीला कोणीतरी करतंच. नाही.

भिशी मंडळाच्या किंवा बचत गटाच्या महिलांना आम्ही स्वतःहून सांगतो की कोल्हापूरपर्यंत एसटीनं चला. महिलांना तिकीट अर्धं आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना फुकट. कोल्हापुरात आमची गाडी थांबलेली असेल. यात आमचा धंदा थोडा कमी होतो, पण लाल परीत बायकांच्या गप्पा जशा रंगतात तशा आमच्या गाडीत रंगत नाहीत, हे मान्य करायला हवं.

डब्यातलं आणि ताटातलं

पहिल्या सहलीनंतर परत आणलेली कचऱ्याची पिशवी आम्ही ऑफिसात उघडली होती. निम्म्याहून जास्त पाण्याच्या बाटल्या, उरलेल्यात वेफर्सची पाकिटं. तेव्हापासून गाडीत वीस लिटरचे दोन जार असतात आणि प्रत्येकानं आपली स्टीलची बाटली आणायची. खाण्याचं म्हणाल तर आपल्या हाताशी जगातला सगळ्यात शहाणा प्रवासी पदार्थ आहे: कडक भाकरी. पंधरा दिवस टिकते, पाकीट लागत नाही, फडक्यात गुंडाळली की झालं. सोबत डब्यात शेंगाचटणी. कोकणातल्या घरमालकिणीला दोन भाकऱ्या आणि वाटीभर चटणी दिली तर दुसऱ्या दिवशीच्या घावनात तो जिव्हाळा उतरतो, हा आमचा अनुभव.

मुक्काम गावातल्या घरांमध्येच असतो. जेवण जे घरात शिजतं ते. शाकाहारी मंडळी उगाच धास्तावतात. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, आंबोळ्या, मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ आणि वर सोलकढी, एवढं असताना पनीर मागू नका. मासे खाणाऱ्यांनी "आज काय आलंय?" असं विचारावं. सुरमई आणि पापलेटच पाहिजे, या हट्टापायी लहान पिल्लंसुद्धा जाळ्यात ओढली जातात. किती लांबीपेक्षा लहान मासा पकडायचा नाही, हे महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी ठरवून दिलंय. तळहाताएवढं पापलेट ताटात आलं तर आम्ही ते घ्यायला नको म्हणतो. बांगडा, तारली खा. चवीला कमी नाहीत आणि खिशालाही परवडतात.

सुका कचरा आपल्यासोबत परत सोलापूरला येतो. गावात ओल्या कचऱ्याचं खत होतं, प्लॅस्टिकचं काहीच होत नाही. ते पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं.

कासवांची सहल

फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आमची वेगळी सहल असते, पुणे-ताम्हिणी-माणगाव रस्त्यानं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी सापडली की कुंपण घातलेल्या जागी तशाच खोलीचा खड्डा करून पुरतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं: ऊन जास्त, तर माद्या जास्त.

पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडं सोडतात. पाण्यापर्यंतचं ते थोडंसं अंतर त्यांना स्वतःच चालू द्यायचं. उचलून पाण्यात ठेवायची नाहीत, दोरीच्या आत जायचं नाही, फ्लॅश आणि टॉर्च बंद. उजेड दिसला की पिल्लं समुद्र समजून तिकडंच वळतात.

आणि एक गोष्ट ठळकपणे: पिल्लं दिसतीलच, अशी हमी आम्ही देत नाही. एकदा आमच्या एका गटाला दोन दिवसांत एकही पिल्लू दिसलं नाही. एका काकांनी निम्मे पैसे परत मागितले. आम्ही दिले नाहीत. त्याच गटातली एक आजी मात्र दोन्ही दिवस पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर जाऊन बसत होती. ती म्हणाली, "येतील तेव्हा येतील, मला समुद्र कुठं रोज दिसतोय?" पुढच्या वर्षी ती परत आली.

समुद्रात उतरताना

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. इथं पाण्याखाली प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे, तो जिवंत प्राणी. स्नॉर्केलिंग करताना त्यावर पाय ठेवून उभं राहिलं की काही सेकंदांत मोडतो, वाढायला मात्र वर्षं लागतात. काही बोटवाले मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकतात. आपल्या बोटीत ते चालणार नाही, तसं आम्ही आधीच ठरवून घेतो. शंखशिंपले पिशव्या भरून आणू नका. रिकाम्या वाटणाऱ्या शंखात बऱ्याचदा शंखी खेकड्याचा संसार असतो.

वाळूत गाडी घालायची नाही. भरतीनं अडकलेली गाडी ट्रॅक्टरनं ओढतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. हसायला येतं, पण त्या चाकांखाली खेकड्यांची बिळं आणि कधी कासवाची अंडीही असतात.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशोब आहे, आपल्या कालनिर्णयवाल्यांना तो लगेच जमेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आगेमागे. हा ढोबळ अंदाज झाला, दक्षिणेकडं वेळ थोडी बदलते. पाण्यात उतरायचं की नाही हे शेवटी तिथल्या कोळ्यांना, गाबितांनाच विचारायचं. ते "नको" म्हणाले तर नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर आम्ही मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच देत नाही.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. आवाज कमी, पक्षी भरपूर. जमलं तर ही फेरी चुकवू नका. कांदळवन म्हणजे चिखलात उगवलेली झुडपं, असं समजून आपण सहज पुढं जातो. पण माशांची आणि कोळंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात आणि वादळाची लाट आधी त्याच झाडांवर आदळते.

सड्यावरची चित्रं

रत्नागिरीच्या सहलीत एक दिवस कातळशिल्पांचा असतो. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जांभ्यात कोरलेला एक भलामोठा हत्ती आहे, इतका मोठा की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. कोकणातली ही शिल्पं हजारो वर्षांपूर्वीची आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. रेषांवर चालायचं नाही आणि फोटो उठावदार यावा म्हणून खडू किंवा रांगोळी भरायची नाही. एवढं सांगूनही एखादा पाणी ओततोच, म्हणून सांगून ठेवलं.

रात्रीचं

आपल्याकडं मिरवणूक म्हटली की स्पीकरच्या भिंती, त्यात आपल्याला काही वाटत नाही. देवबागसारख्या गावात लोक रात्री लवकर झोपतात, कारण पहाटे होड्या काढायच्या असतात. गाडीतला ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा. अंताक्षरीला आमची हरकत नाही, उलट आम्हीच सुरू करतो.

बुकिंग करताना एवढं कळवा: शाकाहारी किती, साठीच्या वरचे किती, कोणाला गाडी लागते का. सोबत बाटली, टॉवेल, कापडी पिशवी, टोपी आणि ओल्या कपड्यांसाठी जुनी चादर आणा. गाडी ऑफिससमोरून पहाटे पाचला सुटते. पाच म्हणजे पाच. मागच्या सहलीत तिघे जण सव्वापाचला आले आणि त्यांना रिक्षानं मंगळवेढ्यापर्यंत गाडी गाठावी लागली.