बोंडातलं ९ : ३ : ३ : १

लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये नीटची तयारी करणाऱ्या पोराला मध्यरात्री उठवून विचारलं, तरी द्विसंकराचं (दोन गुण एकत्र पाहणाऱ्या संकराचं) ९ : ३ : ३ : १ हे गुणोत्तर तो बिनचूक सांगेल. यातल्या कित्येकांच्या घरच्या रानात पऱ्हाटी उभी असते. पण बीटी कपाशीवरून, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीवरून, गेली वीस-बावीस वर्षं चाललेला वाद आणि हे गुणोत्तर काढायला वहीत आखलेला सोळा घरांचा चौकोन यांचा संबंध वर्गात फारसा लावला जात नाही. वाद निघाला की बियाण्याची किंमत, कंपन्या, कर्ज, बोंडअळी यांवरच घसरतो. त्याच्या मुळाशी आनुवंशिकतेचा एक साधा निर्णय आहे: बीटीचं जनुक आपल्याकडे सरळ वाणातून (ज्याचं बी पेरलं की तसंच पीक येतं) आलं नाही, दोन वाणांच्या मिलनातून केलेल्या संकरित वाणातून आलं.

मेंडेलचा वाटाण्याच्या प्रयोगांवरचा निबंध १८६६ साली छापला गेला, ३४ वर्षं पडून राहिला आणि १९०० मध्ये पुन्हा सापडला. पुढच्या दोन-तीन वर्षांतच गुणसूत्रांची वाटणी आणि गुणांची वाटणी एकाच चालीने होते हे लक्षात आलं. हे सगळं पुस्तकात आहे. कपाशीच्या बाबतीत त्यात एका आकड्याची, गुणसूत्रांच्या संख्येची, भर घालावी लागते.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथला कापूस गावरानी. परभणीला शेतीचं प्रयोगक्षेत्र १९१८ साली सुरू झालं, आणि गावरानीतून निवड करून चांगले वाण काढण्याचं काम इथे बराच काळ चाललं. या देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात. अमेरिकन कपाशीत ५२. कारण ती मुळातच दोन वेगळ्या कपाशींच्या संयोगातून, दहा-वीस लाख वर्षांपूर्वी, गुणसूत्रांचा संच दुप्पट होऊन तयार झाली आहे. दोघींचा संकर केला तर एकीकडून १३ आणि दुसरीकडून २६ अशी ३९ गुणसूत्रं येतात. झाड वाढतं, फुलतंही. पण अर्धसूत्री विभाजनात (मायोसिस, म्हणजे पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं निम्मी होतात ते विभाजन) १३ जोड्या लागतात आणि १३ गुणसूत्रं जोडीदाराविना उरतात. ती कुठल्या ध्रुवाला जातील याचा नेम नसतो, म्हणून परागकण बहुतेक निकामी निघतात. मायोसिसमध्ये जोड्या लागणं का महत्त्वाचं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मराठवाड्यात शोधायची गरज नाही. तरी आपण खेचराचंच देतो.

म्हणून व्यापारी संकर झाले ते ५२ वाल्यांचे आपापसांत. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडला. ऐंशीच्या दशकात नांदेडच्या केंद्रातून एक संकर आला. गावोगाव तो ‘नांदेड ४४’ म्हणून ओळखला जातो, आणि कोरडवाहू रानात तग धरणारा म्हणून जुनी माणसं अजून त्याचं नाव काढतात. संकराचं बी तयार करणं म्हणजे हातकाम. मादी म्हणून निवडलेल्या झाडावर उद्या उमलेल अशी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून त्याचा पराग स्त्रीकेसरावर घासायचा. एकेका कळीला हे सगळं करायचं. स्वस्त मजुरी होती म्हणूनच हे परवडलं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील यांनी सरळ वाणच पेरले.

संकर जोमदार असतो. त्याचं बी धरून ठेवून पुढच्या वर्षी पेरलं की रान उंच-बुटकं, लवकर-उशिराचं, भेसळ दिसतं. एफ-टू, म्हणजे संकराच्या पुढच्या पिढीत जनुकांची फाळणी होते, हे बारावीच्या पोराला सांगायला नको. बियाणं विकणाऱ्याला मात्र या फाळणीतून दरवर्षी गिऱ्हाईक मिळतं. सरळ वाणाचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो. संकराचं ठेवून उपयोग नाही. पेटंट, कायदा, करार यांतलं काही न लागता बियाण्याला आपोआप कुलूप बसतं.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती तीन संकरित वाणांना. त्या वेळी देशातल्या निम्म्याहून कमी कापसाच्या क्षेत्रावर संकर होते. काही वर्षांतच ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. संकराच्या बाजूने सांगितलं जातं की शेतकऱ्याला संकराची सवय होतीच, मोठं बोंड त्याला हवंच होतं, आणि दरवर्षी विक्री नसती तर कुणी पैसा घातला नसता. यातलं काही खोटं नाही. पण जनुकाच्या दृष्टीने काय होणार आहे याची चर्चा तेव्हा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

संकराच्या दोन पालकांपैकी सहसा एकाच पालकात बॅकक्रॉस करून (त्याच वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून) बीटी जनुक आणलेलं असतं, कारण दोघांत आणायचं तर काम दुप्पट. म्हणजे शेतातल्या एफ-वन (संकराच्या पहिल्या पिढीच्या) झाडाच्या प्रत्येक पेशीत त्या जनुकाची एकच प्रत. पान, पातं (कळी), बोंडाची साल हे सगळं त्याच झाडाच्या सूत्री विभाजनातून (पेशीची हुबेहूब नक्कल होऊन) झालेलं, म्हणून तिथे सगळीकडे विष आहे. बोंडातली सरकी मात्र पुढची पिढी आहे. अर्धसूत्री विभाजनात निम्म्या युग्मकांना (परागातल्या आणि बीजांडातल्या जननपेशींना) जनुक मिळालं, निम्म्यांना नाही. कपाशी बहुतांशी स्वपरागी, तेव्हा एकाच बोंडात तीन सरक्या बीटी आणि एक बिनबीटी असा हिशेब बसतो. २००६ पासून दोन जनुकांची कपाशी आली, आणि हिशेब द्विसंकराचा झाला. बोंडात ३२ सरक्या धरल्या तर सरासरीने १८ मध्ये दोन्ही विषं, ६ मध्ये पहिलंच, ६ मध्ये दुसरंच, आणि २ मध्ये काहीच नाही. साल एका पिढीची, आतली सरकी दुसऱ्या पिढीची. विद्यार्थी चुकतात ते इथेच.

गुलाबी बोंडअळी सरकी खाते. अंड्यातून निघालेली अळी साल पोखरून आत शिरते, एका सरकीतून दुसरीत, पडदा भोकसून शेजारच्या कप्प्यात जाते. वाटेत तिला कधी दोन विषं, कधी एक, कधी शून्य. विषाला दाद न देण्याचं, म्हणजे प्रतिकाराचं जनुक अळीत सहसा अप्रभावी असतं: दोन प्रती असल्या तरच पुरता परिणाम दिसतो. विष भरपूर असेल तर एकच प्रत असलेली विषमयुग्मजी अळी मरते, आणि त्यावरच बीटीच्या रानाभोवती पेरायच्या बिनबीटी ओळींचा (आश्रयपिकाचा) सगळा बेत उभा होता: तिथल्या साध्या पाखरांशी संकर होऊन प्रतिकार पातळ होत राहावा. पण पातळ, मिसळीचं विष मिळालं की हीच विषमयुग्मजी अळी वाचायला लागते. त्यात तेव्हा बियाण्याच्या पाकिटासोबत येणारं बिनबीटीचं छोटं पाकीट बांधावर फेकलं जाणं ही तर नेहमीची गोष्ट होती. २०१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी नोंदली गेली. पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन्ही जनुकं तिच्यापुढे थिटी पडली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जो धुमाकूळ घातला तो मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमलणारी फुलं), किडकी बोंडं, कवडी (डागाळलेला) कापूस.

इथे एक विरोधी दाखला द्यायला हवा, कारण तो मोजून केलेला आहे. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी मोठ्या प्रमाणावर पेरलं, आणि तिथे गुलाबी अळीचा प्रतिकार वाढायच्या ऐवजी घटला. गुणोत्तर तेच, ३ : १. फरक इतकाच की तिथे ते झाडाझाडांत विखुरलं: चारांतलं एक अख्खं झाड बिनबीटी, म्हणजे रानातच आश्रयपीक. आपल्याकडे एफ-वन पेरल्यामुळे तीच फाळणी एका बोंडात कोंबली गेली. तेव्हा मिसळ वाईट असं सरसकट म्हणता येत नाही. ती कुठल्या पिढीत आणि कुठल्या जागी होते ते बघावं लागतं.

संकराचं दुसरं अंग म्हणजे हंगाम. आपले संकर लांब मुदतीचे. त्यावर पाण्याची सोय असलेला शेतकरी फरदड घेतो (वेचणी झाल्यावर तीच झाडं पुढे राखून पुन्हा बहर घेतो), म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानात हिरवी बोंडं आणि अळीच्या पुढच्या पिढ्यांची सोय. सरळ, कमी मुदतीचे, दाट लावायचे वाण असते तर डिसेंबरपर्यंत रान मोकळं झालं असतं, असं कापूस संशोधनातली काही मंडळी बरीच वर्षं सांगत होती.

सरळ बीटी वाण देण्याचा सरकारी प्रयत्न २००९ मध्ये झाला. त्यात सरळ वाणासोबत ‘नांदेड ४४’चं बीटी रूपही होतं. वर्षभरात ते मागे घ्यावं लागलं, कारण स्वतः तयार केलेलं म्हणून दिलेल्या बियाण्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली. चौकशी झाली, अहवाल आला, आणि सरळ वाणाची गाडी पुन्हा काही वर्षं रुतली. ‘नांदेड ४४’ पुढे दोन जनुकांसह बाजारात परत आला, पण संकर म्हणूनच.

अलीकडे नांदेडच्या केंद्रातूनही सरळ बीटी वाण निघाले आहेत. त्यांत जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या, त्यामुळे बोंडातली झाडून सगळी सरकी बीटी, आणि बी घरचं धरता येतं. अशा सरळ वाणांत बहुधा ते जुनं, पहिलंच जनुक असतं. अमेरिकन बोंडअळी त्याने अजून बऱ्याच अंशी आटोक्यात राहते. गुलाबी अळी त्याला केव्हाच सरावली आहे.